कूलरवाल्याचं शेवटचं पान

दादा गेला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या होत्या, आणि त्यातही 'बालचित्रकार' असं छापलं होतं. जणू हा माणूस साठीला येईपर्यंत चड्डीतच फिरत होता! मी फोन करून भांडलो. पलीकडचा पोरगा थंडपणे म्हणाला, "काका, मुलांसाठीच चित्रं काढायचे ना ते? मग बरोबर आहे." मी फोन आपटला. दादाच्या नावाची काळजी करणारा जगात मी एकटाच उरलो आहे, असं तेव्हा मला वाटत होतं. त्या पोरानं एक शब्द चुकवला होता. त्याच्यापेक्षा मोठं नुकसान पुढं मीच केलं.

दादा माझा थोरला भाऊ. कॉमिक्स काढायचा. बसस्टँडवर पूर्वी दोरीला टांगलेली पातळ, स्वस्त कागदावरची चित्रकथांची पुस्तकं मिळायची, त्यातली कितीतरी त्याची. आत त्याचं नाव कुठंच नसायचं. प्रकाशकाचं असायचं, ते मात्र मोठ्ठं. आम्ही कोष्टी. बाबा हातमागावर साडी विणायचे आणि किनारीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायचे, एकेक चौकट भरत. दादा तिथंच शिकला. बाबा गेल्यावर मधल्या खोलीतला माग नुसताच उभा राहिला. त्यावर कोणी बसत नव्हतं, पण आई रोज त्याची धूळ पुसायची. एका उन्हाळ्यात आई कुहीला मामाकडं लग्नाला गेली, आणि दादानं तो माग विकला. तिला विचारलं नाही. त्या पैशात आणखी थोडे घालून त्यानं कॉम्प्युटर घेतला.

ज्या दुपारी तो घरी आणला त्याच दुपारी आई परतली होती. मी सायकलरिक्षात, मॉनिटर मांडीवर. दादा मागून सायकलवर. दार आतून लावलेलं. दादानं कडी वाजवली.

"कोण हाय?"

"मी आहो, आई."

"माग विकणारा माहा कोणी नाई."

एवढंच. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मे महिन्याचं नागपूरचं ऊन, मॉनिटरवर माझा टॉवेल टाकलेला. शेजारच्या काकूनं पाणी आणून दिलं आणि काही न विचारता गेली. दिवेलागणीला कडी निघाली, पण आईनं दादाकडं पाहिलं नाही. पुढं तिनं त्याला जेवायला वाढलं, त्याचे कपडे धुतले, ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. फक्त मागाच्या जागी कॉम्प्युटर ठेवला, त्या मधल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आमच्या आईचा राग असाच. तिला ओरडता येत नाही.

त्या खोलीत दादानं कूलरवाल्याला जन्माला घातलं. आमच्याकडं एप्रिलमध्ये कूलर बंद पडला की माणसं देवाआधी मेकॅनिकला हाक मारतात, तर दादाचा नायक तसाच एक मेकॅनिक होता. घरोघरी जायचा, कूलरची मागची जाळी काढायचा, आणि आतल्या जुन्या वाळ्याच्या गवतात त्या घरातलं वर्षभराचं बोलणं अडकलेलं असायचं. नवराबायकोचं भांडण, म्हाताऱ्याचं पुटपुटणं, कोणाचं तोंड दाबून रडणं. तो ते ओट्यावर झटकायचा, नवा वाळा भरायचा आणि घर गार व्हायचं. पैसे कोणीच वेळेवर द्यायचं नाही. हे तर अगदी खरं आहे, विचारा कोणत्याही मेकॅनिकला.

दादा माउसनं काढायचा. बाबांच्या चौकटीच्या कागदासारखंच, एकेक चौकोन रंगवत. रंग मोजकेच मिळायचे. मराठी अक्षरं टाइप करायची सोय त्याच्याकडं नव्हती, मग अक्षरंही चित्रासारखीच काढायची. आधी वरची आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. माणसांच्या हाताला चारच बोटं, कारण पाचवं मावायचंच नाही. मी चिडवायचो, "तुहा कूलरवाला लुळा आहे गा." तो म्हणायचा, "पाना फिरवाले चार पुरतात."

कॉम्प्युटरात जागा कमी. गोष्ट झाली की फ्लॉपीवर उतरवायची आणि आतली पुसून टाकायची. गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासची पोट्टी त्या फ्लॉप्या वाचायला घरी न्यायची आणि परत आणून द्यायची. दुसरी प्रत का करत नाही, असं मी विचारलं की दादाचं उत्तर ठरलेलं, "परत येतात ना बे, मग?" बुटाच्या एका खोक्यात त्याचं सगळं काम मावत होतं.

शेवटच्या गोष्टीचं शेवटचं पान मला आजही दिसतं. कूलरवाला दिवसभर लोकांची घरं गार करून स्वतःच्या घरी येतो. कडी वाजवतो. आतून आईचा आवाज येतो, कोण हाय? तो म्हणतो, कूलरवाला. आतून उत्तर येतं, आमच्या घरी कूलर नाई. मग एकच चित्र, त्यात तो ओट्यावर बसलेला, पाठमोरा. संपलं. मी वाचून खदखदा हसलो. मग दादाकडं पाहिलं. तो हसत नव्हता. त्या दुपारबद्दल त्यानं तोंडानं कधी अवाक्षर काढलं नाही. जे काय म्हणायचं होतं ते त्या पानावर म्हणून मोकळा झाला होता.

आणि मग ती खांडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लावायचं. बाबा होते तोवर मागाची व्हायची. माग गेल्यापासून आई नुसता विळा आणि कात्री पुजायची. त्या वर्षी दादा कामानं बाहेर गेला होता आणि मी अंघोळ करून येतो तर आई त्या खोलीत बसलेली! उंबरा ओलांडून, पाट मांडून. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातलेली. समोर सगळ्या फ्लॉप्या ओळीनं मांडल्या होत्या. फ्लॉपीला पुढं पत्र्याचं एक छोटंसं झाकण असतं. आई ते अंगठ्यानं सरकवून आतल्या काळ्या चकतीवर ओलं हळदकुंकू लावत होती. एकेकीला. वर अक्षत.

"आई, झाकण काहून उघडून राहिली?"

"मंग? आतला देव झाकून कसा पुजाचा?"

मला तरी कुठं कळत होतं फ्लॉपीच्या पोटात काय असतं ते. मला एवढंच दिसत होतं की आई त्या खोलीत आली आहे. वाटीतलं पाणी संपलं तर मीच भरून आणून दिलं.

दादा आला. दारातच उभा राहिला. त्यानं फ्लॉप्यांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि वाकून तिच्या पाया पडला. आई म्हणाली, "तुहं हत्यार हाय हे. मले उशिरा समजलं." दोघंही मग इकडंतिकडं पाहायला लागले. आमच्या घरात कोणाला रडताना सापडायला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर त्यानं एकेक फ्लॉपी लावून पाहिली. आतून कर्र कर्र आवाज यायचा आणि पडद्यावर काहीच नाही. कापसाच्या बोळ्यानं पुसून पाहिलं, तर हळद आणखी पसरली. मी म्हटलं, दादा, आता रे? त्यानं खोक्याचं झाकण लावलं. "आईले सांगजो नको. इतक्या दिवसानं आली थे या खोलीत." त्याच्यानंतर त्यानं कॉम्प्युटरवर कॉमिक काढलं नाही. काही वर्षांनी मी इतवारीच्या बाजारात फ्लेक्सचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडं बसायला लागला. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. हात जोडलेले, पाच-पाच बोटांचे पुढारी. तिथंच काम करताना एकदा छाती धरली, आणि गेला.

तो गेल्यावर चित्रकला शिकवणारी एक मुलगी घरी आली. शहरातल्या जुन्या कॉमिक्सवाल्यांचं प्रदर्शन भरवणार होती. दादाची छापील पुस्तकं तिनं रद्दीवाल्यांकडून जमवलेली. पण तिला हवा होता कूलरवाला. "कॉम्प्युटरवर इतक्या आधी मराठीत असं कोणी केलं असेल असं मला तरी माहीत नाही, काका. ते मिळालं तर ह्यांचं नाव राहील." मी खोकं दिलं. काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी दिलं. म्हटलं, शास्त्र पुढं गेलंय, निघेल काहीतरी. महिन्याभरानं तिनं खोकं परत आणलं. "ह्यांच्या आत काहीतरी लावलंय, काका. काहीच वाचता येत नाही." मी तिला दारापर्यंत सोडलं आणि मागं वळलो, तर आई भिंतीला धरून उभी.

आई आता ऐंशीच्या पुढं गेली आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याला डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा. तिला ऐकू कमी येतं, हे त्या दिवशी माझ्या नशिबानं बरं झालं.

"उघडल्या का गा त्या?"

दादानं बजावलेलं डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या तोंडाकडं बघून हिंमतच झाली नाही. मी म्हणालो, "उघडल्या."

"मंग मले दाखव. मी एकबी पाह्यली नाई. नजर हाय तोवर दाखव."

आता दाखवू काय, डोंबल? दोन दिवस मी टाळलं. ती रोज विचारायची. शेवटी भर दुपारी, इतवारीत उन्हानं चिटपाखरू नसताना, दुकानाचं शटर अर्धं पाडून मी बसलो. म्हटलं, एक पान काढू. एवढी वर्षं फ्लेक्स बनवतोय, मला काय अवघड आहे. एक पान दाखवू, तिचं समाधान होईल.

माझी रेघ फार गुळगुळीत यायची. मग चित्राचा आकार बारीक केला, रंग मोजके ठेवले, माउस धरला. एकेक चौकोन. अक्षरांची आडवी रेघ आधी. हाताला पाच बोटं काढायचो, मग एक खोडायचो, आणि बोट खोडलं की दादा शेजारी येऊन बसल्यासारखा वाटायचा. बापा, काय मजा येत होती मला! हे लिहिताना लाज वाटते, पण येत होती. जिथं आठवायचं तिथं आठवलेलं काढलं. जिथं आठवेना तिथं ठोकून दिलं.

आईला मोठ्या पडद्यासमोर बसवलं, नाक जवळजवळ टेकेल इतक्या जवळ, आणि मी वाचून दाखवलं. ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. "असा होता माहा पोरगा!" मग म्हणाली, "पाह्य, मी हळदकुंकू लावलं होतं, म्हणून टिकल्या." मी उठून पाणी प्यायलो.

मग थांबता आलं असतं? ती रोज म्हणायची, पुढं काय झालं? मी रोज दुपारी पुढचं काढायचो. बायको म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही? बनावट नोटा छापता का?" मी तिच्यावर खेकसलो. खरं बोललेलं झोंबतं.

करत करत शेवटचं पान आलं. तिथं माझा हात चालेना. हे एकच पान असं होतं की मला त्यातला चौकोन न् चौकोन आठवत होता. आई विचारायची, "कूलरवाला घरी गेला का नाई गा?" काय दाखवू तिला? 'आमच्या घरी कूलर नाई'? तिच्या या वयात, उरलेल्या एका डोळ्याला? मी दार उघडलं. म्हणजे चित्रात. कूलरवाला कडी वाजवतो, नऊवारीतली आई दार उघडते, त्याला कैरीचं पन्हं देते, चुलीवरच्या गंजातलं गरम वरण भातावर वाढते, आणि तो जेवत असताना त्याच्या केसांत अडकलेली वाळ्याची काडी काढते.

आईनं पडद्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. "मले वाटे, त्यानं मनात धरलं," ती म्हणाली. "नाई धरलं."

मी तिला धरून बसलो. ती रडत होती, आणि माझ्या मनात येत होतं की हे रडणं मी फसवून मिळवलं आहे. दादानं मनात धरलं होतं की सोडलं होतं, मला नाही माहीत. तो तिच्या पाया पडला होता, फ्लॉप्यांचं तिला कधी कळू दिलं नाही. म्हणजे बहुतेक सोडलंच असेल. पण मग ते त्यानं सांगायचं होतं. त्याच्या चार बोटांनी मी सांगायला नको होतं.

गोष्ट घरातच राहिली असती तरी एकवेळ मी मनाची समजूत घातली असती. पण मी दुकानात असताना ती मुलगी काहीतरी परत करायला घरी आली, आणि आईनं तिला हाताला धरून बसवलं. सापडलं म्हणे सगळं. मुलीचा फोन आला तेव्हा ती धापा टाकत होती. "काका! कुठून मिळालं? कसं?"

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "एक जुनी सीडी निघाली." माझं तोंड कुजलं कसं नाही तेव्हा?

प्रदर्शनात एक अख्खी भिंत कूलरवाल्याला दिली होती. वर दादाचं नाव, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या अक्षरात. आईला शेवटच्या पानाजवळ खुर्ची टाकून दिली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती, "माह्या मोठ्या पोरानं काढलं." लोक वाकून नमस्कार करत होते. मी खांबाला टेकून उभा होतो. मला कोणी विचारत नव्हतं आणि मला तेच हवं होतं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, बायको आणि मुलीला घेऊन. केस मागं हटलेले, खांद्याला ऑफिसची बॅग. माझ्याकडं येऊन म्हणाले, "तुम्ही त्यांचे भाऊ ना? मी कॉम्प्युटर क्लासमध्ये होतो. ह्या फ्लॉप्या मी नेऊन वाचल्यात. सगळ्या. शेवटचीसुद्धा."

मी घाबरलो. आणि खोटं कशाला बोलू, त्याचबरोबर बरंही वाटलं. म्हटलं, आला एक माणूस, ज्यानं खरं पाहिलंय. आता हा पकडेल. सगळ्यांदेखत म्हणेल, हे ते नव्हे. आईपुढं, त्या मुलीपुढं माझी अब्रू जाईल, पण दादाचं पान निदान कोणाच्या तरी डोक्यात जिवंत आहे एवढं तरी कळेल. मी त्यांच्यामागून भिंतीकडेनं चालायला लागलो. ते एकेक पान वाचत होते, मान हलवत होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, पकड ना बाबा.

शेवटच्या पानापाशी ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हेच ते," ते बायकोला म्हणाले. "मी सांगायचो ना तुला? कूलरवाला घरी येतो आणि आई दार उघडते. मी तेव्हा होस्टेलवर राहत होतो. हे वाचून रडलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं घरी गेलो होतो."

मी म्हणालो, "दार... उघडलं होतं? नक्की आठवतं तुम्हाला?" माझा आवाज चिरकला असावा, कारण त्यांच्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे काय काका? हे कोणी विसरतं का? ती काडी काढते केसातली, ते तर अगदी डोळ्यांसमोर आहे."

खुर्चीतून आई म्हणाली, "पोरगं आलं त माय दार लावते का, बापू?" ते हसले, तिच्या पाया पडले. मग माझ्याकडं वळून पाहत राहिले, मी दुजोरा द्यावा म्हणून.

"हाव," मी म्हणालो. "उघडलं होतं."

दादानं जन्मात एकच तक्रार केली होती. ती मी खोडली, आणि ज्याला ती आठवायला हवी होती त्याच्याही डोक्यातून खोडली. आता त्या बंद दाराबाहेर बसलेल्या दादाला ओळखणारा मीच एक उरलो आहे, आणि माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असं मी काही ठेवलेलं नाही.